आप्पा आणि उलट्या आट्यांचा कप

सुपरवायझरनं हाक मारली तेव्हा माझे दोन्ही हात गिअरबॉक्समध्ये होते. आमच्या कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे घरचा निरोप आधी ऑफिसात येतो आणि मग कुणीतरी चालत येऊन सांगतं. तो चालत आला, थांबला आणि एवढंच म्हणाला, "मॅडम, हात धुऊन घ्या." त्यावरूनच कळलं... दौंडला आप्पा नेहमीसारखी सकाळची सायकलवरची चक्कर मारून आले, सायकल भिंतीला टेकवली, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मी तशीच निघाले, पण गेटवरून परत फिरले आणि गिअरबॉक्सच्या झाकणाचे बोल्ट कुठे ठेवलेत ते दुसऱ्या फिटरला सांगून आले. काम कुणाच्या हवाली केलंस, हे आप्पांनी आधी विचारलं असतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. उभी हयात रेल्वेत मालगाडीच्या डब्यांचे फिटर. मीही फिटरच, आयटीआय केलेली, रांजणगावला मेंटेनन्समध्ये. एका घरात दोन फिटर असले की त्या घरात एकही नळ सुखानं गळू शकत नाही. आम्ही दोघं चौदा वर्षं भांडलो ते पाना कुठला लावायचा यावरून, आणि इतकं मजेचं भांडण मी दुसऱ्या कुणाशी केलं नाही. आज तीन आठवडे झाले. लोक भेटायला येतात, चेहरा पाडून बसतात आणि आप्पांचं काहीतरी आठवून पाचव्या मिनिटाला हसायला लागतात. मग मीच का रडगाणं लिहू? माझी नोकरी टिकली ती त्यांच्या सायकलीच्या एका कपापायी, ते सांगते.

तेव्हा माझी दोन स्थळं मोडून झाली होती. दोन्हीकडून एकच अट, लग्नानंतर कारखान्यातल्या पाळ्या बंद. मी दोन्हीकडे नाही म्हणाले. तिसरं स्थळ दौंडचं आलं तेव्हा वडील म्हणाले, "ह्यांनीबी तेच म्हटलं तर मी काय करू, सांग?" उत्तर माझं मला माहीत होतं. हातातलं काम सोडून जायचं असेल तर मला लग्नच नको होतं.

पाहुणे शिरूरला आमच्या घरी जीपनं आले. मुलगा, त्याची आई, चुलते. मुलाचे वडील मात्र नाहीत. "ते सायकलवर येत्यात," मुलाच्या आई खाली बघत म्हणाल्या. दौंड ते शिरूर, पन्नासच्या वर किलोमीटर! पोहे झाले, निवले, पुन्हा गरम केले. बऱ्याच वेळानं न्हावऱ्याच्या रस्त्यानं एक उंच माणूस सायकल हातात धरून चालत येताना दिसला. पांढऱ्या लेंग्यावर गुडघ्यापर्यंत ग्रीस. अंगणात आल्याबरोबर त्यांनी राम राम केला आणि विचारलं, "घरात पाना हाय का?"

वडील गोंधळून म्हणाले, "हाय... पन पोरीचा हाय."

अशा रीतीनं मी साडी नेसून, पोह्यांच्या ट्रेऐवजी हत्यारांची पेटी घेऊन बाहेर आले. सायकलीचे दोन्ही पायडल ज्या दांड्यावर फिरतात, तो एक्सल सांगाड्यातून आरपार गेलेला असतो आणि दोन बाजूंच्या दोन वाट्यांमध्ये, म्हणजे कपांमध्ये, छर्‍यांवर फिरतो. उजवीकडचा कप तडकला होता. आम्ही दोघांनी पायडल आणि क्रँक उतरवल्या. डावीकडचा कप सहज निघाला, एक्सल बाहेर आला, छर्रे मी हाताशी आलेल्या पोह्यांच्या ताटलीत जमा केले. ते मुलाच्या आईनं पाहिलं. उजवा कप मात्र जागचा हलेना. त्याला पाना बसावा म्हणून दोन सपाट कडा असतात, त्या कुणीतरी छिन्नीनं ठोकून पार गोल केल्या होत्या.

"कोन गाढवानं ठोकलंय कुनास ठाऊक," असं म्हणत आप्पांनी छिन्नी उचलली आणि डावीकडे फिरवायला हातोडा उगारला. मुलाला, म्हणजे सुनीलला, त्यांनी आधीच बाजारात पिटाळलं होतं. तो नवा कप घेऊन आला आणि सांगू लागला, की दुकानदाराकडे कप काढायचं हत्यार नाही, निघत नसेल तर सांगाडा आणा, फोडून काढतो म्हणतोय. आप्पांचा चेहरा उतरला. ती सायकल त्यांनी पहिल्या पगारातून घेतली होती. फोडताना सांगाड्यातले आटे गेले असते, तर ती भंगारातच जायची.

"आप्पा, थांबा," मी म्हणाले. "तसं ते आणखी आवळतंय. उजव्या कपाचे आटे उलटे असत्यात. उजवीकडं फिरवलं की सुटंल."

चुलते हसून म्हणाले, "घ्या! आत्तापासनंच सासऱ्याला शिकवाया लागली." माझ्या वडिलांनी डोळे मिटले. त्यांच्या हिशेबी तिसरं स्थळही गेलं होतं.

आप्पांनी हातोडा खाली ठेवला. "पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं, आणि विहिरीवरच्या बंद पडलेल्या इंजिनाच्या पायाचा लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि एक नट घेऊन आले. बोल्ट बाहेरून कपाच्या भोकातून आत घातला. आतल्या बाजूनं वायसर आणि नट. नट फिरू नये म्हणून डावीकडच्या मोकळ्या तोंडातून बॉक्स पाना घालून धरला आणि बाहेरून बोल्ट उजवीकडे आवळायला सुरुवात केली. आवळता आवळता अशी वेळ येते, की बोल्टला पुढे जायला जागा उरत नाही. मग आतला पाना सोडून दिला, की तो कपालाच पकडून सोबत फिरवतो. आणि कपाचे आटे उलटे, त्यामुळे आपण ज्या बाजूला आवळतोय त्याच बाजूला तो सुटायला लागतो.

आप्पा माझ्या हाताकडे बघत होते. एकदम म्हणाले, "आरं तिच्या! म्हंजी जेवढं आवळू तेवढं त्ये सुटनार?"

"व्हय."

मग त्यांना कोण थांबवणार? सांगाडा आडवा करून ते त्याच्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसले. पान्याच्या दांड्यावर मी पाइपचा तुकडा चढवला, साडी खोचली आणि पाइपवर पाय दिला. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा सांगाडा आप्पांसकट सरकला. तिसऱ्यांदा कट्‌कन आवाज झाला आणि आप्पा एवढ्या मोठ्यानं "सुटला!" म्हणून ओरडले, की घरात बसलेल्या बायका काय झालं म्हणून धावत बाहेर आल्या. आतले आटे नव्यासारखे शाबूत होते. आप्पांनी ते बोट फिरवून दोनदा तपासले.

नवा कप बसवता बसवता त्यांनी विचारलं, "पाळी कोनती असती?"

"तिन्ही. आठवड्याला बदलती."

इथेच सगळं अडायचं. मुलाच्या आई म्हणाल्या, "पन लग्नानंतर न्हाई चालायचं. रातच्या पाळीला बाईमानूस..." आप्पांनी ग्रीसचे हात लेंग्याला पुसले, तो लेंगा तसाही गेलाच होता, आणि म्हणाले, "असा फिटर आमच्या डेपोत हुडकून घावत न्हाई. आन् आपल्याला घरबसल्या घावलाय, तर त्याला चुलीपुढं बसवायचा व्हय?" चुलते काहीतरी बोलणार होते. आप्पांनी त्यांच्या हातात छर्‍यांची ताटली दिली आणि पुसायला सांगितलं. सुनीलनं त्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला, "पाय दुखला का?" मला तेवढा पुरला.

आता आप्पा म्हणजे देवमाणूस असं कुणी समजू नये. पुढच्या आठवड्यापासून दौंडात ही गोष्ट फिरायला लागली, आणि तिच्यात बोल्टची युक्ती आप्पांची होती! मी फक्त पाना धरला होता! मी तोंडावर टोकलं तर म्हणायचे, "तू सांगितलंस, केलं कुनी?" मोठ्या फुशारक्या मारायचे. दर दिवाळीआधी सायकल दौंडहून चालवत शिरूरला, आमच्या भाड्याच्या घरी आणायचे आणि आम्ही दोघं ती पूर्ण खोलायचो. अशाच एका वर्षी ग्रीस भरता भरता खाली बघून म्हणाले, "त्ये छिन्नीनं ठोकनारं गाढव म्हंजी मीच. आदल्या दिशी संध्याकाळी. डाव्या बाजूला..." मालगाडीच्या डब्यांवर अख्खं आयुष्य काढलेला माणूस डावीकडेच फिरवणार. मी इतकी हसले की छर्रे सांडले.

मुलगी झाली, रजा संपत आली, तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पुन्हा म्हणाल्या, "पोर मोठी हुस्तवर बस की घरी." दोन दिवसांनी आप्पा सायकलवर पिशवी बांधून शिरूरला हजर. "मी रिटायर मानूस. आता हिचं मेंटेनन्स माझ्याकडं." दोन वर्षं राहिले. लंगोट इतका घट्ट बांधायचे, की सोडवायला मला पेटी उघडावी लागते की काय असं वाटायचं. पोरीला पुढे बसवून सगळं शिरूर दाखवलं. कंपनीच्या गाड्यांच्या वेळा त्यांना ड्रायव्हरांपेक्षा पाठ होत्या.

तेराव्याला दौंडच्या घरी सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर त्याच चुलत्यांनी विषय काढला. वहिनी एकट्या पडल्या, तर सूनबाईनं आता नोकरी सोडावी, दौंडला राहावं. लोक माना डोलावत होते. सुनील म्हणाला, "तिला विचारा की." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझी जीभ उचलेना. इतकी वर्षं मी हवं ते बोलत आले, कारण बाजूला आप्पा असायचे. आणि आत्यांना मी घरात हवी होते, हे काही लपलेलं नव्हतं. त्यांनी आता हो म्हटलं असतं, तर त्या दिवशी मी त्यांना नाही म्हणू शकले नसते.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. सावकाश म्हणाल्या, "मीच जाते शिरूरला. हितं एकटी काय करू? हिची सोमवारी पयली पाळी हाय, रजा संपली तिची." माझी पाळी त्यांना ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आवो पन वैनी, लोक..."

"त्ये गेले तवापास्नं बोलायलाच लागलाय तुमी, भाऊजी. जरा चा प्या."

शनिवारी त्या टेम्पोनं सामान घेऊन आल्या. सायकलही आणली. ती जिन्याखाली लावू, असं सुनील म्हणाला. आत्यांनी ऐकलं नाही. आता ती त्यांच्या खाटेशेजारी उभी असते आणि रोज सकाळी त्या तिच्यावरची धूळ पुसतात.

सोमवारी गडबडीत मी डबा विसरून निघाले. थांब्यावर पोचते न पोचते तोच मागून आत्या, डोक्यावरचा पदर सावरत, हातात डबा घेऊन. गाडीला पाच मिनिटं होती. शेजारच्या बाईनं त्यांना विचारलं, "कोन वो ह्या तुमच्या?"

"सून."

"काय करत्यात?"

इतकी वर्षं या प्रश्नाला आत्या "कंपनीत जाती" एवढंच म्हणायच्या, तेही खालच्या आवाजात. त्या दिवशी त्यांनी त्या बाईकडे सरळ बघितलं.

"फिटर हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या सासऱ्यापरास चांगली."

गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले आणि रांजणगाव येईपर्यंत रडले, आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर.