सड्यासाठी बांधलेली जीप

आमच्या स्वयंपाकघरातले चिवड्याचे, लाडवांचे डबे एकेक करून खाली गाळ्यात गेले आणि एकही परत आला नाही. त्यांत नट, बोल्ट, वायसर, बेअरिंग भरली गेली. मी तक्रार केली की नवरा म्हणायचा, "चिवडा मागायला आता आहे कोण घरात?" मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, घरात आम्ही दोघंच. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग यायचा.

गाळा म्हणजे परळच्या आमच्या इमारतीतली तळमजल्यावरची एक लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला शटर असलेली. सासरे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी तिथे एक लेथ बसवली आणि त्यावर संसार रेटला. ते गेले, लेथ विकली, गाळा राहिला. आमचं घर त्याच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर. खाली ग्राइंडर सुरू झाला की वर देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणायची.

नवराही फिटरच. निवृत्त झाला त्याच वर्षी रक्तातल्या साखरेनं त्याचा डावा डोळा नेला. शीवच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की उजव्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्याही नाजूक झाल्या आहेत, इंजेक्शनं देऊ, जमेल तेवढं टिकवू, पण खात्री देत नाही. गाडी चालवली तर फक्त दिवसा, आणि जपून. चौथ्या दिवशी एका टेंपोतून जुन्या जीपचा सांगाडा आमच्या शटरसमोर उतरला. ना टप, ना सीट, पत्रा गंजून चाळणी झालेला.

मी गणिताची शिक्षिका. पस्तीस वर्षं मुलांना "हे कशासाठी करतोयस ते आधी लिही" म्हणत आले. त्यालाही तेच विचारलं.

"सड्यावर जायचंय," तो म्हणाला.

सडा म्हणजे त्याच्या गावच्या डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. लहानपणी तो आजोबांबरोबर तिथे गुरं न्यायचा. एरवी काळा, भकास दगड. पण भाद्रपदात त्या दगडावर फुलं येतात, पाय ठेवायला जागा नसते, असं तो लग्नाआधीपासून मला सांगत आलेला. मी गिरगावात वाढलेली. फूल म्हणजे पुडीतलं, दोऱ्यात बांधून आलेलं. दगडावर फुलं येतात म्हणजे किती येणार, असं मला वाटायचं. सड्याची वाट जुनी गाडीवाट होती, मोठमोठे दगड उखडलेली, मध्ये एक ओढा. पायाला साखरेची जखम झाल्यापासून त्याला चढण बंद होती आणि साधी मोटार पहिल्याच वळणावर पोट टेकून बसली असती. म्हणून त्या वाटेवर चढेल अशी गाडी तो स्वतः बांधणार होता. नजर आहे तोवर ती स्वतः चालवत वर न्यायची आणि एकदा फुलं बघायची. एवढंच त्याचं मागणं होतं. जन्मात त्यानं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षं काम चाललं. मदतीला त्याचा लालबागचा मित्र असायचा. वेल्डिंगचा कसबी माणूस, पण गणपतीच्या आधी दोन महिने मंडपांच्या सांगाड्यांना वाहिलेला, तेव्हा त्याचं नखसुद्धा दिसायचं नाही. दोघांनी मिळून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडीचं पोट हातभर वर उचललं. चारही चाकांना जोर लागावा म्हणून कुठल्या कुठल्या भंगारातून गिअरबॉक्स आणला, उघडला, धुतला, पुन्हा जुळवला. डोक्यावर पाइपांचा पिंजरा आला. "गाडी उलटली तर वहिनींचा अंबाडा शाबूत राहायला हवा," मित्र म्हणाला. मी म्हटलं, मी त्या डब्यात पाय ठेवणार नाही. मग दुपारी दोघांना चहा घेऊन खाली जायचे, आणि चहा संपला तरी स्टुलावर बसून राहायचे.

एक गोष्ट मला तेव्हा चमत्कारिक वाटायची. नट आवळून झाला की तो डोळे मिटायचा आणि पुन्हा नुसत्या बोटांनी चाचपायचा. नट आवळायचे पाने त्यानं भिंतीवर मापाच्या क्रमानं टांगले होते, तेही न बघता काढायचा. मी म्हणायचे, "कोणाला करामत दाखवतोयस? इथे बघायला मी एकटी आहे." तो हसायचा. तो सराव करत होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

गणपतीला गाडी गावी न्यायची असं ठरलं होतं. पण मित्र मंडपात अडकला, पिंजऱ्याचं शेवटचं जोडकाम राहिलं, आणि सगळं तयार झालं ते अनंत चतुर्दशीच्या आसपास. आरटीओचं पासिंगही झालं. हिरवा रंग दिलेली ती गाडी गाळ्यात उभी होती आणि नवरा तिच्याभोवती लहान मुलासारखा फिरत होता. म्हणाला, "परवा निघूया. सडा आत्ताच भरलेला असतो."

मी कॅलेंडर बघितलं. परवापासून पितृपक्ष.

माझ्या माहेरी पितृपक्षात नवं काही करत नसत. नवी वस्तू नाही, नवं कापड नाही, प्रवासाला निघणं नाही. आई सुईसुद्धा विकत आणायची नाही. मी शाळेत मुलांना सिद्धता मागायचे, पण घरी ह्या बाबतीत मला कधी सिद्धता लागली नाही. मी म्हटलं, "पंधरवड्यात नवी गाडी रस्त्यावर आणायची नाही."

"नवी कुठे गो? अर्धी भंगारातली आहे."

"तू बांधलीस म्हणजे नवीच. आणि डोंगरात न्यायची आहे. मला भीती वाटते."

"मग नवरात्रात?"

नवरात्रात आमच्याकडे घट बसतात. नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा, घर सोडता येत नाही. "दसऱ्याला निघू," मी म्हटलं. "चांगला मुहूर्त आहे, गाडीला हार घालू."

त्यानं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. मग गावच्या बोलीत म्हणाला, "दसऱ्याक सड्यार काय नसता गो. सुका गवत."

"फुलं काय, पुढच्या वर्षीही येतील," मी म्हटलं.

तो वाद घालणारा माणूस नव्हता. मी घालायचे, तो ऐकायचा, असंच आमचं तीस वर्षं चाललेलं. त्यानं शटर ओढलं आणि वर आला. जेवताना नेहमीसारखं बोललाही. मीच मनाशी म्हटलं, चला, समजुतीनं घेतलं. आपलं म्हणणं मानलं गेलं की माणसाला किती बरं वाटतं.

नवरात्रात, पाचव्या माळेला, सकाळी मी घटाला माळ बांधत होते. तो खुर्चीत चहा घेत होता. म्हणाला, "छताला जाळ्या झाल्यात का गं?"

मी फटकन म्हटलं, "घट बसायच्या आधी सगळं घर झाडलंय मी. स्टुलावर चढून."

"मग माझ्याच डोळ्यात असतील," तो म्हणाला आणि कप खाली ठेवायला गेला. कप टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवला.

दुपारपर्यंत उजव्या डोळ्यापुढे सगळं लाल आणि मग काळं झालं. आत रक्तस्राव झाला होता. शीवला धावलो. घट, दिवा, सगळं शेजारणीवर टाकून नऊ दिवसांतलं घर मी पाचव्या दिवशी सोडलंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट पाहू, कधी कधी रक्त आपोआप निवळतं. नाही निवळलं. हिवाळ्यात ऑपरेशन झालं, तेही फुकट गेलं. आता त्याला खिडकी कुठे आहे ते कळतं आणि मी दारात उभी राहिले तर सावली कळते.

त्या वर्षीची खंडेनवमी मला विसरता येत नाही. त्या दिवशी हत्यारांची पूजा, ती दरसाल गाळ्यात व्हायची. मी म्हटलं, राहू दे यंदा. तो म्हणाला, "हात धर, खाली ने." खाली गेल्यावर त्यानं माझा हात सोडला. भिंतीवरून एकेक पाना काढला, कापडानं पुसला आणि पाटावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडला. एकही चुकला नाही. मी हळदकुंकू वाहिलं, जीपच्या पुढच्या जाळीला झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, शटर वर केलं, तो ड्रायव्हरच्या सीटवर चढला आणि जागेवरच इंजिन चालू केलं. पाच मिनिटं ऐकत बसला. "दोन नंबरचा टॅपेट वाजतोय," म्हणाला आणि बंद केलं. शटर ओढून आम्ही वर आलो. जिन्यात मी रडले. तो पुढे होता, कठडा धरून चढत होता, त्याला वाटलं मी दमले.

त्यानं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते. म्हटलं असतं, डोळ्यात रक्त पितृपक्षामुळे उतरत नाही, साखरेमुळे उतरतं, उद्या सड्यावर खड्ड्यात आदळूनही उतरलं असतं. हे सगळं खरं आहे. मी स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलं. पण उत्तर दर वेळी तेच येतं. गाडी तयार होती, नजर होती, फुलं होती, आणि मध्ये मी उभी राहिले.

वर्ष गेलं. यंदा गणपती झाले तसा मी त्याच्या मित्राला फोन केला. म्हटलं, पितृपक्ष लागला की तिसऱ्या दिवशी निघायचं, गाडी तुम्ही चालवायची.

"वहिनी, पितृपक्षात?" त्याला माझी गेल्या वर्षीची अडवणूक ठाऊक होती.

"हो," मी म्हटलं. "पितृपक्षातच."

ठरल्या दिवशी मित्र उजाडता उजाडता आला आणि आम्ही निघालो. मी त्या डब्यात पाय ठेवणार नव्हते, तर सबंध दिवस मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेत बसले. रात्री गावात चुलतदिरांकडे मुक्काम केला आणि सकाळी सड्याची वाट धरली.

गाडी चढत होती. दगडावर एक चाक उचलायचं, दुसरं जोर लावायचं. ओढ्यात पाणी पाट्यांपर्यंत आलं. नवरा पुढे मित्राच्या शेजारी बसला होता, एक हात पिंजऱ्याच्या पाइपावर, मान थोडी तिरकी, इंजिनाकडे कान. मध्येच म्हणायचा, "आता लो गिअर टाक." किंवा, "नको रे दाबू, ती आपोआप चढते." आणि ती आपोआप चढायची. एकदाही घासली नाही, एकदाही बंद पडली नाही. त्यानं इतकी चांगली गाडी बांधली होती. मला अभिमान वाटत होता आणि तोच सहन होत नव्हता.

वर पोचलो आणि चढण संपली तिथे मित्रानं गाडी थांबवली. मी बाहेर बघितलं.

काळा कातळ कुठे दिसतच नव्हता. नजर जाईल तिथवर बोटाच्या पेराएवढी निळी फुलं, त्यांत पिवळे पट्टे, पांढरे गेंद, मध्ये मध्ये पाणी साचलेले थाळीसारखे खळगे. इतकी वर्षं तो हे सांगत होता आणि मला वाटायचं, कोकणातला माणूस, गावाचं जरा वाढवूनच सांगायचा.

मित्र खाली उतरला. म्हणाला, "बस रे इकडे स्टिअरिंगवर. सपाट आहे, इथे आडवं येणार कोण? मी बाजूला बसतो."

नवरा जागचा हलला नाही. "आलीत काय?" त्यानं विचारलं.

"आलीत," मित्र म्हणाला.

"मग नको. चाकाखाली येतील."

तो चाचपत उतरला. मी हात दिला. दोन पावलं टाकून तो गुडघ्यांवर बसला, जखमेचा पाय आखडत, आणि दोन्ही तळवे अगदी हलके फुलांवरून फिरवले, गाळ्यात नट चाचपायचा तसेच. मग माझ्याकडे, म्हणजे मी जिथे आहे असं त्याला वाटलं तिथे, तोंड वळवून म्हणाला, "सांग ना. कसली आहेत?"

"निळी," मी म्हटलं.

"किती?"

आयुष्यभर मोजायला शिकवलेल्या बाईला त्यानं विचारलं, किती. मी तोंडावर पदर धरला. मित्र लांब जाऊन पाठ फिरवून उभा राहिला.

"खूप," मी म्हटलं. "खूप आहेत रे."

त्यानं मान हलवली. "गेल्या वर्षीही एवढीच असतील," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला खरंच ते जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगू शकेल असं आमच्यापैकी कोणीच नव्हतं.