हात दाखवा

गांगुर्डे काका हातोडा उचलण्याआधी मोठ्याने ओरडायचे, "हात दाखवा!" मग गॅरेजमध्ये जो कोणी असेल त्याने दोन्ही हात वर करायचे. गिऱ्हाईक असो, चहावाला असो, नाहीतर नुसता पत्ता विचारायला थांबलेला असो, कोणाची सुटका नव्हती. सगळ्यांचे हात बघून झाले की मगच घाव पडायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात चहाचा ग्लास होता, म्हणून मी एकच हात वर केला. काका हातोडा धरून थांबून राहिले. "दुसरा कुठंय, सर?" मी ग्लासासकट दुसराही वर केला आणि थोडा चहा बाहीत उतरला. हा माणूस जरा विक्षिप्त आहे, अशी मी मनात नोंद केली.

देवळाली कॅम्पच्या बाजारामागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी पिंपळगावच्या शाळेत शिकवतो. रोजच्या हायवेने माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकात टकटक सुरू झाली होती. चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा बॉल जॉइंट झिजला होता आणि त्याचा निमुळता दांडा गंजून भोकात रुतून बसला होता. आधीच्या मेकॅनिकने दोन दिवस त्याच्या टोकावर हातोडे घालून शेवटी हात टेकले होते.

"त्याच्या डोक्यावर नाय मारायचं, आटे मरतात," काका म्हणाले. "ज्यानं त्याला धरून ठेवलंय ना, त्याच्या कुशीत मारायचं. मग तो सोडतो." त्यांनी नट सैल केला, पण काढला नाही. शेवटच्या दोन आट्यांवर तसाच ठेवला. आर्मखाली थोडी फट ठेवून जॅक लावला, भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवला आणि आम्हा सगळ्यांचे हात बघून दुसऱ्या बाजूने दोन घाव घातले. टण्ण आवाज झाला. आर्म बोटभर खाली आला आणि त्या दोन आट्यांवर अडकून राहिला. "सुटल्यावर ते जाणार कुठं, हे आधी बघावं लागतं," एवढंच ते बोलले.

पुढे माझं जाणं-येणं वाढलं, काम नसलं तरी मी तिथे बसू लागलो. तिसऱ्या वर्षी, एका दुपारी, त्यांनी आपणहून सांगितलं. गॅरेज आधी दोघा भावांचं होतं. धाकटा निवृत्ती कामात काकांपेक्षाही तरबेज. एका जीपचा असाच अडकलेला जॉइंट काढताना काकांनी घाईत नट पुरता काढून टाकला आणि घाव घातला. स्प्रिंगच्या जोराने आर्म खाली आदळला. निवृत्तीचा उजवा हात खाली होता. दोन बोटं गेली.

"मी बघितलंच नाय, सर. एकदा खाली बघितलं असतं तर." काका हातातला पाना पुसत राहिले. "निवृत्ती सासुरवाडीला गेला, सायखेड्याला. शेती करतो. लग्नकार्याला येतो, पण हात खिशात घालून बसतो. मला एक शब्द बोलला नाय तो. शिव्या दिल्या असत्या तर लय बरं झालं असतं."

मागच्या हिवाळ्यात काकांच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. काकूंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "ते निवृत्तीचं नाव घेतात सारखं. फोनवर सांगायची माझी हिंमत नाय होत." मी गाडी काढली आणि सायखेडा गाठलं.

निवृत्ती लगेच निघाला, गाडीत माझ्या शेजारी बसला. उजवा हात खिशात. चेहेडीच्या पुलावर आल्यावर म्हणाला, "मला राग कधी नव्हता, सर. पण मी समोर बसलो की दादा माझ्या हाताकडंच बघायचा, अन् त्याच्या गळ्याखाली घास उतरायचा नाय. म्हणून हात खिशात घातला. म्हणून जाणंच कमी केलं."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं दोघे एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यानेच दूर गेले होते.

काका उशीला टेकून होते. बोलायला दम पुरत नव्हता. निवृत्ती पलंगाशी बसला. मग काकांचे ओठ हलले. आम्ही वाकलो, तेव्हा कुठे ऐकू आलं.

"हात... दाखव."

निवृत्तीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खिशातून उजवा हात काढला आणि दोन्ही हात वर केले, दादाला नीट दिसतील असे. आठ बोटं.

"हे बघ, दादा. दोन्ही बाहेर हायेत. मार आता."

काकांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले, तेव्हा त्यांची मूठ निवृत्तीच्या उजव्या हातात होती.