जिनिंगमधला तळहाताएवढा दिवा

आयुष्यात माझ्या हातून एक गोष्ट अशी झालीय की तिचं कौतुक मी स्वतःच करतो, दुसऱ्या कुणाची वाट बघत नाही. नगरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आगीच्या अलार्मची उपकरणं बनवते. तिथं मी एक एलईडी दिवा डिझाईन केला. अलार्म वाजला की लखलखणारा, तळहातात मावणारा. तो कुणासाठी केला ते सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले. तिसगावहून रोज शेवगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ती कामाला जाते. कापसाच्या ढिगाशी बसून पिवळा पडलेला खराब कापूस, म्हणजे कवडी, आणि काडीकचरा वेचते. तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे मालकच सांगायचे. पण त्याच मालकांनी आगीची घंटा बसवली आणि मला फोन केला.

"कापसाला ठिणगी पुरती हो. हिला घंटा ऐकू यायची न्हाई. उद्या काय झालं तर तुमाला काय तोंड दाखवू? पुढल्या महिन्यापास्नं नका पाठवू."

मी तावातावानं भांडलो. फोन ठेवल्यावर कळलं, माणूस खोटं बोलत नाहीये. त्याचाच जास्त राग आला. आक्काला खुणांनी सांगितलं, तर तिनं कामावर नेसायची साडी घडी करून पेटीत तळाला ठेवली. ते काही मला बघवलं नाही.

बाजारात दिवे होते, नाही असं नाही. पण नारळाएवढे, आणि वीज इतकी खाणारे की घंटेच्या वायरीवर एक चालवला तर दुसऱ्याला काही उरायचं नाही. माझा पहिला नमुना इवलासा आणि झगझगीत. ऐटीत घरी आणून भिंतीवर लावला. आक्का त्याच्याकडं पाठ करून ज्वारी निवडत होती. बटण दाबलं. भिंतीवर विजा चमकतायत आणि बाई आपली निवडतीय! उजेड बॅटरीच्या झोतासारखा सरळ जात होता. बघेल त्यालाच दिसणार. मग उपयोग काय, कप्पाळ?

मी लेन्सच बदलली. दिवा छताला लावायचा, आणि उजेड चारी भिंतींवर अन् खाली जमिनीवर पसरला पाहिजे. नमुन्यामागून नमुने बाद केले. कंपनीतले साहेब वैतागले, "पुरे की आता!" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरचं माणूस तिथं बसत नाही."

शेवटी जमलं. मालकांनी दिवे फक्त आक्काच्या ढिगाकडं लावू दिले. "येकटीसाठी समदीकडं कशाला?" आक्काला पुन्हा कामावर बोलावलं, पण वर अट घातली. काम चालू असताना, तिला न सांगता बटण दाबायचं. उठली तर राहील, न्हाई उठली तर विषय संपला. दिवा लखलखला की बाहेर पळायचं, एवढं मी तिला आधीच शिकवून ठेवलं होतं.

दाराशी मी मालकांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी अलार्मचं बटण दाबलं, घंटा वाजू लागली. आक्काची मान खाली, ढिगात. समोरच्या पांढऱ्या कापसावर उजेड पडला आणि तिचा हात थांबला. दुसऱ्यांदा पडला तशी ती ताडकन उठली. "उठली! उठली!" मी ओरडलो.

पण ती दाराकडं येईना. उलटी आत, मशिनींकडं धावली. अरे देवा, ही वाट चुकली की काय! बघतो तर पलीकडच्या बायका खुशाल काम करतायत. मशिनींच्या खडखडाटात त्यांना घंटा ऐकूच गेली नव्हती. आक्कानं एकीचा दंड धरला, दुसरीचा पदर ओढला आणि सगळ्यांना ढकलत बाहेर आणलं.

आमचे चेहरे बघून आग खोटी होती हे तिच्या ध्यानात आलं. असा काही दणका घातला माझ्या पाठीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दणक्यानं नव्हतं.

मालक त्या बायकांकडं बघत राहिले. "ह्यांनाबी घंटा ऐकू आली न्हाई की वो," ते म्हणाले. "दिवे समदीकडं लावा."

"आणि आक्काचं काय?" असं विचारत मी वळलो. ती केव्हाच आत जाऊन ढिगाशी बसली होती.