दारात उतरलेल्या बर्फाच्या लाद्या

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथेच लिहिते.

जानेवारीत मी नॉर्वेला चाललेय, बोटीने समुद्रात जाऊन व्हेलसोबत पोहायला. गोठवणाऱ्या पाण्याची सवय करून या, असं टूरवाल्यांनी बजावलंय. आता बडोद्यात तसलं पाणी आणायचं कुठून? बर्फाच्या कारखान्यात फोन करून चार लाद्या मागवल्या. टबात टाकून बसणार होते.

टेम्पोवाल्याने फाटकाशी आवाज एकदम खाली आणला. "बेन, कोण ऑफ थई गयुं?" म्हणजे घरात कोण गेलं?

तेवढ्यात समोरच्या कोकिलाबेन पांढरी साडी नेसून रडत आल्या. आमच्या सुभानपुऱ्यात घरी लाद्या उतरतात त्या एकाच कारणासाठी. परदेशातलं मूल येईपर्यंत गेलेलं माणूस बर्फावर ठेवावं लागतं. गेल्या वर्षी दादा अमेरिकेतून पोचेपर्यंत बाबांना तसंच ठेवलं होतं. आणि मी मूर्ख, मला हे सुचलंही नाही!

कोकिलाबेन आत शिरल्या, तर आई समोर उभी. हातात मेथीची जुडी.

तिने लाद्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "दादाला यायला दोन दिवस लागले होते. तू बोटीवर असलीस तर तुला किती लागतील गं?"

लाद्या अंगणात वितळतायत. टब कोरडाच आहे. आई आत मेथी निवडतेय, आणि मी इथे तुम्हाला विचारतेय.

तुम्ही तिला काय उत्तर दिलं असतं?