काहिलीतली चौथी बाजू

आधीच सांगून ठेवतो... भुतंखेतं, लागीर, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. पैजेवर मसणवट्यात बसून भाकरी खाल्लेला माणूस आहे मी. पण या एका गोष्टीपाशी माझी मती अडते, ती आजतागायत.

एकोणीसशे पंचावन्नच्या पुढेमागे घडलेलं आहे हे. आमचं गाव निघोजे, चाकणच्या खाली, इंद्रायणीच्या उत्तर काठावर. आज तिथं कंपन्यांच्या शेड आहेत. तेव्हा ऊस, बाजरी आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. मी नुकताच पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो होतो, त्यामुळे जरा जास्तच शहाणा झालो होतो.

धाकटी बहीण हिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणातली झड लागलेली. कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला तरी पोरीची सुटका होईना. सुईण बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "मूल आडवं हाय. माज्या हातातलं न्हाई आता. आळंदीच्या डाक्टरकडं न्या, न्हाईतर..."

न्यायचं कसं? वाटेवरचे ओढे छातीभर, बैलगाडी वेशीबाहेरच रुतलेली. वडील, म्हणजे आमचे आबा, नदीकडे बघून म्हणाले, "काहील काढा."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची मोठी पसरट कढई. पुराच्या दिवसांत आमची तीच नाव. पण ती या काठावरून त्या काठाला जाण्यापुरती. काहिलीत बसून कुणी थेट आळंदी गाठल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

काहिलीत माणसं समोरासमोर बसवावी लागतात, नाहीतर ती कलंडते. आबा आणि मी समोरासमोर. हिराच्या समोर सुईण बसणार होती, पण पाणी बघून तिनं पाऊल मागं घेतलं. आई धावत पुढं आली. आबांनी तिला अडवलं, "तू ऱ्हा. घरातलं येक मानूस तरी काठावर ऱ्हाऊ दे."

मग आबांनी चौथ्या बाजूला एक मोठा धोंडा ठेवला. भार तर हवाच होता, पण त्यांच्या मनात दुसरंही होतं. तीन तिगाडा, काम बिगाडा! तिघं निघाले की चौथा म्हणून एखादा खडा बरोबर घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. आबांनी धोंड्याला हळदकुंकू लावलं. "चला, आता चार झालो," म्हणाले. माझं टाळकंच सरकलं. बहीण मरायला टेकलीय आणि यांचं हे!

निघालो. काहील गरगर फिरायची. आम्ही दोघं खोऱ्यांनी पाणी मारत तिला कशीबशी धारेत ठेवत होतो. हिरा आधी ओरडत होती, मग नुसती कण्हायला लागली. "दादा, मला पान्यात सोड रं... सुटंन तरी मी." मी तिला शिव्या घातल्या. दुसरं काय करणार होतो?

मोशीचा पूल दिसायला लागला. पाणी कमानींच्या गळ्याशी आलेलं. काहिलीतही पाणी साचलं होतं, काठ जेमतेम वीतभर वर. माझ्या फिटरच्या डोक्यानं ठरवलं, वजन कमी करायचं. मी वाकलो, धोंडा उचलला आणि दिला भिरकावून.

"आरं मुडद्या, काय केलंस हे!" आबा किंचाळले.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. चौथी बाजू रिकामी झाली, म्हणजे आता हिराची बाजू बुडणार. मी तिकडं सरकलो असतो तर आबांची बाजू पाण्याखाली गेली असती. जागचं हलता येईना. संपलं सगळं, असं म्हणून मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर काहील सपाट. उलट ती रिकामी बाजूच जराशी खाली होती... धोंडा असताना होती त्याहून खाली. आणि काहील फिरायची थांबली होती. कमानीखालून आम्ही सुतासारखे सरळ गेलो. आबा माझ्याकडे बघत होते, मी आबांकडे. त्या चौथ्या जागेकडे बघायचा धीर दोघांनाही होईना.

शेवटी मी हिराकडे पाहिलं. ती शांत पडली होती. पाय समोर पसरलेले. पण टाचा तळाला टेकलेल्या नव्हत्या. चांगल्या वीतभर वर होत्या!

आळंदीच्या घाटावरच्या लोकांनी दोर टाकला. काहील काठाला लागली. आम्ही हिराला उचलून उतरवलं. मागे वळून पाहिलं तर काहील मोकळी, आणि तरीही एका अंगाला दबलेली. मग ते अंग हळूच वर आलं... कुणी उतरल्यावर येतं तसं.

मूल हाती लागलं नाही. हिरा वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर तीही गेली असती.

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. मूल गेल्याचं तिला कसं सांगायचं, या विचारानं आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो होतो. तर तिनंच विचारलं, "आबा, त्या बाईस्नी जेवाया घातलं का?"

"कंच्या बाई?"

"माज्याम्होरं बसल्या व्हत्या त्या. पुलापासनं माजं पाय मांडीवर घिऊन दाबत व्हत्या. आपुन समदी चिंब, आन् त्यांचं लुगडं कोरडं ठाक."

"घातलं, पोरी," आबा म्हणाले आणि बाहेर जाऊन ढसाढसा रडले.

कारखान्यातल्या साहेबांना मी नंतर हे सांगितलं. ते म्हणाले, साचलेलं पाणी त्या बाजूला गेलं असेल, म्हणून तोल राहिला. असेलही. पण साचलेल्या पाण्यावर टाचा टेकतात का?

त्या बाई कोण, कुठल्या, आमच्या काहिलीत का आल्या, मला आजवर उलगडलेलं नाही. आता उलगडेल असंही वाटत नाही. मनाला एवढंच टोचतं, की आमच्यासाठी एवढं करून त्या उपाशीच गेल्या.