कणगीतली वाइन

आमच्या चामटोलीच्या घरात भाताची कणगी होती आणि तिच्यात अकरा वर्षं फ्रान्सची एक लाल वाइन आडवी पडून होती. सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

दादा, माझा मोठा भाऊ, फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या एका हॉटेलात कुक आहे. तिकडे म्हणे बारा महिने ऊन आणि टेकड्यांवर नुसते द्राक्षमळे. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याने ती बाटली आणली. "आत्ता प्यायची नाही हां, बाबा. अंधारात, गार जागी आडवी ठेवा. दहा-बारा वर्षांत मस्त मुरेल. मी कायमचा परत आलो की आपण दोघं बसू."

आमच्याकडे अंधारी आणि गार जागा एकच. दर वर्षी नवं भात भरायच्या आधी बाबा बाटली बाहेर काढायचे, पंच्याने पुसायचे, उजेडात धरून बघायचे आणि परत भातात पुरायचे. "लोक वाइन पितात, आमच्याकडे पेरतात," आई चिडवायची. पाहुण्यांना बाबा ती लांबूनच दाखवत, हात लावू देत नसत. भाताची ती धूळ, नाकातली खाज, बाबांची ऐट, सगळं मला फार आठवतं.

गेल्या वर्षी शेत बिल्डरकडे गेलं आणि आम्ही हेंद्रेपाड्यात फ्लॅटमध्ये आलो. कणगी राहिली नाही. बाबांनी बाटली आधी पलंगाखाली ठेवली, मग बाथरूमच्या माळ्यावर, मग ओल्या गोणपाटात. मे महिना, घराची नुसती भट्टी. माझं डोकं सटकलं. दादाला फोन लावला आणि विचारलं, सरळ सांग, ही ठेवू कुठे?

"उघडा आता," तो म्हणाला. "मी इथेच घर घेतलंय गं. बाबांना एवढ्यात सांगू नकोस."

सांगू नकोस म्हणे. असा राग आला मला, दोन शब्द सुनावलेही. पण बाबांसमोर गेल्यावर माझंच तोंड उघडेना. "दादा म्हणतोय, वाइन मुरली. रविवारी उघडा," एवढंच बोलले.

रविवारी मटणाबरोबर उघडली. बूच निघेना, मग लाटण्याच्या टोकाने आतच ढकललं. स्टीलच्या पेल्यांत ओतली. मला त्यातलं काही कळत नाही, पण आधी जांभळासारखी जीभ आवळली आणि मागून हळूहळू मऊ लागत गेली. आईने एक घोट घेऊन नाक मुरडलं. बाबांनी पेला हातात धरला होता, तोंडाला लावला नव्हता.

"घ्या ना, बाबा."

"तो येत नाय ना आता?"

मी मानेनेच हो म्हटलं. ते पेल्यात बघत राहिले.

"त्याला सांग, चांगली झालीय," म्हणाले. अजून एक घोटही घेतला नव्हता त्यांनी.