मिठाचा खडा

माझ्या मावशीला शाळेतले सहकारी पाठीमागे 'मिठाचा खडा' म्हणत. एक तर ती रसायनशास्त्र शिकवायची आणि दरवर्षी मुलींकडून मिठाचे स्फटिक वाढवून घ्यायची. दुसरं म्हणजे, शिक्षकांच्या बैठकीत सगळं गोडीगुलाबीने ठरत आलं की ही हमखास काहीतरी खरं बोलून त्यात खडा टाकायची. हे नाव तिला माहीत होतं. आवडतही होतं.

स्फटिकाचं काम चिकाटीचं. गरम पाण्यात मावेल तेवढं मीठ विरघळवायचं, गाळायचं, दोऱ्याला बारीकसा खडा बांधून त्यात सोडायचा आणि मग गप्प वाट बघायची. बरणीला धक्का लागला की तळाशी नुसता चुरा. मावशी त्या बरण्यांच्या आसपास झाडूसुद्धा फिरकू द्यायची नाही.

त्या वर्षी शाळेची पाहणी करायला समिती येणार होती. मुख्याध्यापकांनी मावशीला सरळ सांगितलं, की दाखवण्यासारखं काही नसेल तर प्रयोगशाळा बंद करून तिथे कार्यालय हलवू. मावशीची हयात त्या खोलीत गेलेली. ती मुलींच्या हात धुऊन मागे लागली. एकीचा खडा सगळ्यांत चांगला झाला. नखाएवढा, चौकोनी, जरासा गढूळ. मुख्याध्यापकांनी तो बघून नाक मुरडलं.

पाहणीच्या सकाळी मावशी येऊन बघते तर टेबलावर मुठीएवढा लखलखीत खडा आणि खाली चिठ्ठी, 'विद्यार्थिनींनी वाढवलेला मिठाचा स्फटिक'. मुख्याध्यापकांनी बाजारातून आणलेला. बरं, मीठही नव्हे, तुरटी! दाढीनंतर गालावर फिरवतात ती. मिठाचा खडा चौकोनी होतो हे जिथे वर्षानुवर्षं शिकवलं, तिथेच दोन्ही टोकांना निमुळती तुरटी मीठ म्हणून मिरवत होती. त्या मुलीचा खडा कपाटात गेला होता.

समितीतल्या एका बाईंनी तुरटी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "हा खरंच मुलींनी वाढवला?"

मुख्याध्यापक मावशीकडे बघत होते. ती मुलगीही बघत होती. जन्मभर नको तिथे तोंड उघडलेली माझी मावशी म्हणाली, "हो. मुलींनीच."

प्रयोगशाळा वाचली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि मॅडम एकदाच्या आमच्यात विरघळल्या, असं म्हणाले. सगळे हसले. मावशीही हसली म्हणे. मला त्या माणसाचा राग येतो, पण खरं सांगायचं तर मावशीचा जास्त येतो. आणि तो काढायचीही सोय नाही, कारण खोली गेली असती तर 'एक दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं' असं मीच तिला सुनावलं असतं.

पुढच्या वर्षी तीच मुलगी वरच्या वर्गात मावशीकडे आली. आता मोरचुदाचे निळे खडे करायचे होते. मावशीने फळ्यावर कृती लिहिली, काही शंका आहे का विचारलं, आणि त्या मुलीने हात वर केला.

मावशी हे मला आमच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता सांगत होती. "म्हणाली, बाई, खडा वाढवायचा की आणायचा?"

आगाऊ आहे कार्टी, टोमणा मारला तुला, असं मी म्हटलं.

मावशीचा हात थांबला. "टोमणा असता तर बरं झालं असतं गं. ती पेन उघडून बसली होती. मी काय सांगते ते लिहून घ्यायला."